इथं माझा पाय अडकला

सुभेदार शंकर माने कुणाचंही लिखाण वाचून परत करायचे, तेव्हा कागदांवर एक खोडरबर ठेवूनच द्यायचे. नवा, वेष्टणातला, शाळेतली पोरं वापरतात तसला. त्यांच्या खुणा पेन्सिलीच्या असत, आणि इतक्या फिक्या की कागद उजेडाकडं तिरका धरावा लागे. देतानाचं वाक्य ठरलेलं होतं. "माझं पटलं न्हाई तर पुसून टाकायचं. मला इचारायचं न्हाई."

आमच्या घरात असे खोडरबर बरेच साठले आहेत, कारण माझी बायको अलका कथा लिहिते. मी लिहीत नाही. मी सहकारी संस्थांचे हिशेब तपासतो. सुभेदारांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या शोकसभेत सगळे चांगलंच बोलले; पण ऐकताना मला सारखं वाटत राहिलं, की बेरीज बरोबर आहे आणि तरी एक रक्कम मांडायची राहिली आहे. दुसऱ्यांचं इतकं वाचलेल्या या माणसाला स्वतःला एकच गोष्ट लिहायची होती: आपल्या बायकोवर, तानूबाईंवर. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि सुभेदारांची नजर काचबिंदूनं दिवसेंदिवस कमी होत होती. दिसतंय तोवर ती लिहून होईल का, आणि लिहिली तर ती तानूबाईच असेल का, एवढी एकच काळजी त्यांना होती. त्याचं पुढं काय झालं ते मला ठाऊक आहे, म्हणून हे लिहितो.

कराडात एका वाचनालयाच्या माडीवर महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आमची बैठक भरते. दहाबारा माणसं येतात, लिहिलेलं वाचून दाखवतात, एकमेकांना मत विचारतात. अलकाला स्कूटरवरून नेणं, खुर्च्या मांडणं आणि खालच्या टपरीवर चहा सांगणं, एवढा माझा साहित्याशी संबंध. बाकी वेळ मी मागच्या खुर्चीत बसतो. सुभेदार खिडकीजवळ बसत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट, पाठ खुर्चीला न टेकलेली. त्यांना कागद हातात लागायचा. दुसऱ्यानं वाचलेलं ऐकून ते मत देत नसत. भिंग घेऊन ते ओळीवरून हळूहळू सरकत, ओठांतल्या ओठांत वाचत, आणि मधेच थांबून म्हणत, "इथं माझा पाय अडकला."

चूक हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चूक म्हटलं की माणूस भांडाय उठतंय. माझा पाय अडकला म्हटलं की ते खाली बघतंय, दगड हाय का म्हणून. कधी कधी दगड नसतोय बी. माझाच पाय वाकडा पडलेला असतोय."

बैठकीचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर कुणी कविता टाकली की अर्ध्या मिनिटात टाळ्या, फुलं आणि 'अप्रतिम' येऊ लागतात. कविता वाचायला निदान दोन मिनिटं लागतील अशी असली तरी. सुभेदार तिथं कधी काही लिहीत नसत. "ह्ये म्हंजे जीप दिसली की सॅलूट," ते म्हणत. "आत सायेब हाय का नुसता ड्रायव्हर, कोण बघतंय?" ज्याची कविता असेल त्याला दोनतीन दिवसांनी त्यांचा फोन जाई. त्यात चांगलं काय तेही ते सांगत, पण नेमकं. अमुक ओळीतला अमुक शब्द, आणि तो का. मोघम कौतुक मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

अलकाची एक कथा होती. मुलगा अपघातात गेल्याची बातमी घरी येते आणि म्हातारी आई ऊर बडवून रडते. रडणं तीन पानं चालतं. मी ती वाचून 'छान आहे' म्हणालो होतो. बैठकीत दोघींनी डोळे पुसले. सुभेदारांनी कागद मागून घेतले, भिंग फिरवलं, आणि बऱ्याच वेळानं काळजीच्या सुरात म्हणाले, "पोरी, म्हातारी रडतीया, ठीक हाय. पण पहिल्या पानावर तिनं चुलीवर दूध ठेवलंय. ते उतरवलं का?"

सगळे हसले. अलका हसली नाही.

"न्हाई, मला खरंच कळंना. मी तिच्याबरोबर रडाय बसलो आन माझं सगळं ध्यान दुधाकडं. उतू गेलं असंल आता."

त्या दिवशी घरी आल्यावर अलकानं भांडी जरा जोरात घासली. "दूध! मुलगा मेलाय आणि यांना दूध दिसतंय." खोडरबर तिनं खिडकीत भिरकावल्यासारखा ठेवला. चारपाच दिवसांनी ती तेच कागद घेऊन बसली. नव्या कथेत बातमी ऐकून म्हातारी गप्प उठते, पदरानं पातेलं धरून उतरवते, सायीवर बोट फिरवून दूध आटलं का बघते, आणि मगच भिंतीला टेकून खाली बसते. रडणं एका ओळीचं राहिलं. ही कथा वाचून मी 'छान' म्हणू शकलो नाही. मला उठून बाहेर जावं लागलं. अलकानं सुभेदारांना फोन केला तर ते म्हणाले, "उतरवलं ना? बरं झालं बाई. मला झोप न्हवती."

एवढ्या सबुरीच्या या माणसाला मी एकदाच चिडलेलं पाहिलं. संगीता नावाची एक नर्स बैठकीत नवी आली होती. तिनं आपल्या वडिलांवर पहिल्यांदाच काही लिहिलं होतं. वडिलांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं: 'आमी न्हाई शिकलो, तू शिक. मी हाय तवर शिक.' बैठकीतले एक तरुण प्राध्यापक हुशार आहेत, पण जीभ जरा धारदार. ते म्हणाले, "भावना ठीक आहेत, मॅडम. पण आधी शुद्धलेखन शिका. 'आहे' असतं, 'हाय' नाही." आणि त्यांनी खिशातून लाल पेन काढलं.

सुभेदार उभे राहिले. खुर्ची मागं पडली. "त्या कागदाला लाल शाई लावायची न्हाई," ते म्हणाले. आवाज परेड मैदानावरचा होता. प्राध्यापक गोंधळले. म्हणाले, "सुभेदार, मी चुकीचं काय बोललो?"

"तुमचं व्याकरण बरोबर हाय. पण त्यो बाप हाय तिचा. बापाला शाळेत बसवू नका." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन जखम दावायची तर बोटानं दावावी, गुरुजी. बोट घालून न्हवं."

ते जिना उतरून खाली गेले. मी चहा सांगायच्या निमित्तानं मागोमाग गेलो. टपरीच्या बाकावर ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मला वाटलं नर्सबद्दल वाईट वाटलं असेल. पण एवढ्यासाठी बैठक सोडून खाली यायचं कारण मला कळलं नाही. प्राध्यापकांनी नंतर संगीताची माफी मागितली. तिचे कागद सुभेदारांनी घरी नेले आणि पुढच्या बैठकीला परत दिले. त्यावर एकच फिकी खूण होती, वडिलांच्या त्या वाक्याशी, आणि समासात लिहिलं होतं: 'इथं थांबलो. पुढं जाऊ वाटेना.'

पेन्सिल कुठून आली हेही त्यांनी त्या बाकावर पुढं कधीतरी सांगितलं. पलटणीत, सरहद्दीवरच्या ठाण्यात असताना, जवानांची घरी जाणारी पत्रं तपासून सोडावी लागत. ठाण्याचं नाव, जागा, हालचाल असं काही पत्रात जाता कामा नये. अधिकारी परप्रांतातले, त्यांना मराठी वाचता येत नसे, म्हणून हे काम तेव्हा हवालदार असलेल्या मान्यांकडं आलं. काळ्या शाईनं ते ओळी बुजवत. मग एकदा सुट्टीवर आले असताना एका जवानाच्या घरी निरोप द्यायला गेले, तर त्याच्या आईनं पत्र पुढं धरलं आणि काळ्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्येच्या खाली काय हाय? त्याला गोळी लागलीया का? सून म्हणती हात तुटल्याचं लिवलंय."

"खाली नुसतं एका डोंगराचं नाव होतं," सुभेदार म्हणाले. "आन घर दोन महिने जेवलं न्हवतं नीट. तवापास्नं मी कुणाची वळ बुजवत न्हाई, हिशेबनीस. खालचं दिसाय पायजे."

मला ते हिशेबनीस म्हणत.

त्यांनी तानूबाईंवरचा लेख बैठकीत वाचला तेव्हा माडीवर जागा नव्हती. अकरा पानं होती. नजर अपुरी म्हणून बराचसा पाठच केला होता. लग्न, औंधच्या यमाईला केलेला नवस, पलटणीतून सुट्टीवर येणं, तिचं एकटीनं घर सांभाळणं, आजारपण, शेवट. भाषा स्वच्छ, चोख. वाचून झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि हातातली पेन्सिल त्यांनी समोर धरली, कुणीतरी घ्यावी म्हणून.

कुणी घेतली नाही. अप्रतिम, म्हणाले. प्राध्यापकांनी उठून हात जोडले. संगीता पाया पडली. अलका म्हणाली, "सुभेदार, एका शब्दाला हात लावू नका." त्यांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं, पेन्सिल खिशात ठेवली आणि कागदांची घडी केली. अशी घडी ते कधी करत नसत.

दोन दिवसांनी ते संध्याकाळी आमच्या घरी आले. अलका बाजारात गेली होती. पाणी घेतलं, कागद माझ्यासमोर ठेवले आणि त्यांच्यावर पेन्सिल.

"मी काय सांगणार, सुभेदार? मला यातलं कळत नाही."

"म्हणूनच. त्यांनी मला सॅलूट मारला, हिशेबनीस. माझीच माणसं. मला म्हाताऱ्याला दुखवायचं न्हाई म्हणून." ते थांबले. "ह्यात कायतरी कमी हाय. सगळं खरं हाय आन तानू न्हाई. मला गावंना. तुमी दुसऱ्याच्या वह्या तपासताय न्हवं? तशी तपासा."

मी तपासली. दुसरा काही मार्ग नव्हता. ते समोर बसून राहिले. मी एकदा वाचलं, मग जसं व्हाउचर तपासतो तसं पान पान परत पाहिलं, आणि जे दिसलं ते सांगायला घेतलं.

"सुभेदार, इथं माझा पाय अडकला," मी म्हणालो. "यात वहिनी प्रत्येक पानावर आहेत. पाणी भरतात, रानात जातात, दवाखान्यात जातात. पण त्या बोलत नाहीत. अकरा पानांत एकच वाक्य आहे त्यांचं. तुम्ही सुट्टीवर येता तेव्हा त्या म्हणतात, 'आलात का? पाणी देऊ?' बस्स. संगीताचा बाप चार ओळींत बोलायला लागतो. वहिनी कशा बोलायच्या?"

मला वाटलं, आपण फार मोठी चूक केली. मग त्यांनी चष्मा काढला.

"नवं लगीन. मी पलटणीत. ती चौथी शिकलेली. तिचं पहिलं पत्र आलं. 'तुमी कवा येनार हाय. म्हस याली. रेडी झाली. लय आठवन येती.' असं, सगळं बोलल्यावानी. आन मी नुकताच पलटणीतली शाळेची परीक्षा पास झालेलो. मस्ती लय. मी लाल शाई घेतली, हिशेबनीस. हायचं आहे केलं, कवाचं केव्हा, म्हस खोडून म्हैस. सगळं पत्र लाल. आन माघारी धाडलं तिला. शिकंल म्हणून." त्यांनी चष्मा शर्टाला पुसला. "तिचं पत्र परत आलं न्हाई. म्हंजे येत होती पत्रं, पण ती मास्तरांच्या पोरीच्या हातची. 'आपले पत्र पोहोचले. इकडील सर्व क्षेम.' मला वाटायचं, बघा, सुधारली. त्या म्हशीचं पुढं काय झालं ते मला कवा कळलं न्हाई."

अलका पिशव्या घेऊन दारात उभी होती. तिनं किती ऐकलं ते मला माहीत नाही. ती आत गेली आणि चहा ठेवला.

"ती कशी बोलायची, म्हणताय," सुभेदार म्हणाले. "माझ्याम्होरं असंच. आलात का, पाणी देऊ. मी खरं तेच लिवलंय."

"आणि तुमच्या मागं?" अलकानं आतून विचारलं.

तानूबाईंची धाकटी बहीण शांताबाई पलूसला असते. रविवारी मी एका मित्राची मोटार मागून घेतली आणि सुभेदारांना घेऊन गेलो. ऊस तुटायला आला होता. ट्रॅक्टरच्या मागं मागं आम्ही सावकाश पोचलो. वाटभर ते कागदांची गुंडाळी मांडीवर धरून बसले होते, मुलाखतीला निघालेल्या माणसासारखे.

शांताबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. वय झालेलं, पण जीभ शाबूत. "आवं दाजी! रस्ता चुकलासा का काय?"

"शांते, काम हाय. एक ऐक, आन चुकलं तर सांग."

त्यांनी सुट्टीवर येण्याचा भाग वाचला. मी दारातून आत येतो, ती चुलीपुढून उठते, डोक्यावरचा पदर सारखा करते आणि म्हणते, 'आलात का? पाणी देऊ?' शांताबाईंचा शेंगा फोडणारा हात थांबला.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्याम्होरं आक्का तशीच बोलायची. पुस्तकावानी. आमी पोरी मागं हसायचो, आक्का लागली बगा सायबीण व्हायला म्हणून."

"आन मी नसताना?"

"तुमी नसताना?" शांताबाई हसल्या. "तुमी नसताना ती कुणाला ऐकतीया! तुमी यायचं कळलं की आदल्या दिशी चूल सारवाय बसायची आन चुलीलाच म्हणायची, 'आलासा व्हय? मला वाटलं, गाव इसरला!' असं कमरंवर हात ठिवून. मी म्हणायची, आक्का, उद्या म्हण की त्यांच्या तोंडावर. तर म्हणायची, 'नगं बाई. चुकंल कायतरी.'"

रस्त्यावरून उसाची गाडी गेली. सुभेदारांनी खिशातून पेन्सिल काढली, कागद गुडघ्यावर धरला आणि डोळे अगदी जवळ नेले. मला वाटलं, ते 'आलात का' पुसणार. पुसलं नाही. ते तसंच ठेवून त्यांनी खाली समासात लिहायला घेतलं.

"परत सांग, शांते. सावकाश."

"आलासा व्हय."

"आलासा व्हय," ते लिहिताना म्हणाले.

"मला वाटलं, गाव इसरला."

"विसरला?"

"इसरला! आवं, इसरला. तिला कुठला आलाय 'वि'?"

"इसरला," सुभेदार म्हणाले, आणि तसंच लिहिलं.

निघताना ते पायरीवर थांबले. "शांते, ती म्हस. लग्नानंतर याली ती. तिचं काय झालं?"

"कुठली म्हस? ती ढवळी व्हय? लय दूध द्यायची. तिच्या रेडीला आक्का 'सुभेदारीण' म्हणायची." शांताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "तुमी तवा साधं शिपाई हुता."

परतीच्या वाटेवर ते खिडकीच्या काचेकडं तोंड करून बसले होते. मधूनमधून ओठ हलत होते. आधी मला वाटलं जप चाललाय. मग शब्द कानावर आले. ते वाक्य ते परत परत म्हणून बघत होते, कधी हेल वर नेऊन, कधी खाली, ती कशी म्हणाली असेल तसं. मी रस्त्याकडं बघून गाडी चालवली.

लेख त्यांनी त्या आठवड्यात पुरा केला. पुढच्या बैठकीत तो अलकानं वाचला, कारण त्यांना आता अक्षर लागत नव्हतं. पण त्या बैठकीतले सुभेदार मला आठवत नाहीत. मला आठवतात ते पलूसहून आल्या संध्याकाळचे. मी त्यांना त्यांच्या दारात सोडलं. दिवे लागायची वेळ होती. घरात कुणी नव्हतं, कुलूप होतं. चाचपडत त्यांनी किल्ली लावली, दार ढकललं, आणि उंबऱ्यापाशी आत न जाता उभे राहिले. कॅनव्हासचे बूट जोडीनं काढून ठेवले. त्यांना वाटलं मी गेलो. आत चुलीकडच्या अंगाला तोंड करून ते हळूच म्हणाले, "आलो गं. गाव न्हाई इसरलो."

मग ते आत गेले आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरातला दिवा लागला.